भर दुपारची भयकथा-भिशी

वाचनगट काढायचा म्हटलं की आधी पुस्तकावर चर्चा होते. आमचा पहिला पंधरवडा मात्र घड्याळातच गेला.

सांगलीत एप्रिल-मे म्हणजे वर्षाचं तिखट डंकावरून कुटून आणायचं, कुरडया-सांडगे घालायचे, घरात माहेरवाशिणी आणि नातवंडं, वर लग्नाच्या तिथी. अशा दिवसांत भयकथांचा गट, तोही फक्त बायकांचा, तर संध्याकाळी पाचची वेळ बरी पडेल असं गट काढणाऱ्या आम्हा तिघींना वाटलं. बारा नावं आली होती. आल्या पाच जणी, आणि त्यातल्या दोघी साडेपाचला उठल्या. पाचला गच्चीवरचं वाळवण उतरवायचं असतं, नळाला पाणी येतं, चहा टाकायचा असतो. मग रात्री साडेआठ करून पाहिलं. सगळ्या आल्या, पण गोष्ट संपल्यावर एकटीने गल्लीतून जायला कुणी तयार होईना. तिघींचे मुलगे स्कूटर घेऊन न्यायला आले आणि पुढच्या वेळी त्याच तीन घरांतून 'कशाला नसतं काही ऐकायला जायचं' सुरू झालं.

शेवटी दुपारी अडीच ते चार ही वेळ बसली. जेवणं आवरलेली असतात, घरची माणसं आडवी झालेली असतात, उन्हामुळे कुणी दार वाजवत नाही, आणि वाळवण चारपर्यंत आपलं वाळत राहतं. भरपूर उजेड असतो. जुन्या समजुतीत टळटळीत दुपारी बाराची वेळही तिन्हीसांजेइतकीच वाईट. पण अडीचला ती टळून गेलेली असते, याचं एका काकूंना फार समाधान होतं. वार ठरवताना कालनिर्णय समोर ठेवलं. दाट लग्नतिथी वगळल्या, अमावस्याही वगळली. अमावस्येला काही होत नाही हे पटवण्यात एक बैठक घालवण्यापेक्षा वार बदलणं सोपं. सहा बैठका, आठवड्याला एक, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून. जागा वाचनालयाची वरची खोली : चौदा खुर्च्या, दोन पंखे, पश्चिमेच्या खिडकीला ओलं पोतं.

नावनोंदणी करताना 'भयकथा आवडतात का?' असं विचारू नये. दहातल्या आठ जणी नाही म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. आम्ही दोन वेगळे प्रश्न केले. रक्त, चिरफाड, सडकं काही वाचवतं का? आणि रिकाम्या घरात वरच्या मजल्यावर पाऊल वाजल्याचं वाचवतं का? पहिल्याला जवळपास सगळ्यांचं नाही होतं, दुसऱ्याला जवळपास सगळ्यांचं हो. नाट्यशास्त्राने रस सांगताना भयानक आणि बीभत्स हे दोन रस वेगळे ठेवले, एकाचा स्थायीभाव, म्हणजे मुळातली भावना, भय आणि दुसऱ्याचा जुगुप्सा, म्हणजे किळस. 'मला भयकथा झेपत नाही' म्हणणाऱ्या बाईला बहुतेक वेळा बीभत्स झेपत नसतो. कधीतरी टीव्हीवर काही किळसवाणं बघून तिने सगळ्या प्रकारावरच फुली मारलेली असते. हे दोन रकाने वेगळे केले की निवड निम्मी होऊन जाते.

न वाचण्याची बाकीची कारणं ऐकायला साधी, पण खरी तीच. सलग अर्धा तास मिळत नाही. मिळतो तो रात्री अकरानंतर, आणि त्या वेळी हेच वाचायचं म्हणजे मग पाणी प्यायला स्वयंपाकघरात कोण जाणार? तिसरं कारण वाचनालयाच्या काउंटरवरच दिसतं : घरात वर्गणी एकच, कार्ड नवऱ्याच्या किंवा सासऱ्यांच्या नावाचं. भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांची पुस्तकं तो स्वतःसाठी नेतो आणि 'तिच्यासाठी' म्हणून कौटुंबिक कादंबरी. तिला धारप नको आहेत असं तिने कधी सांगितलेलं नसतं. तिला कुणी विचारलेलंच नसतं.

सांगाडा भिशीचा घेतला, कारण तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही. माणशी ६० रुपये, बारा जणींचे बैठकीला ७२०. त्यातले ६०० चिठ्ठी निघेल तिला पुस्तकांसाठी, उरलेले १२० झेरॉक्स, पाकिटं आणि कोकम सरबताला. चिठ्ठी निघालेल्या बाईने पुस्तकं स्वतः दुकानात जाऊन निवडायची, भयकथा किंवा गूढकथाच घ्यायची, आणि आतल्या पानावर स्वतःचं नाव घालायचं. पैसे पाकिटात घालून द्यायचे नाहीत, नाहीतर ते भाजीत जातात.

यात आमचा हिशेब चुकला तो असा. सहा बैठका, सहा चिठ्ठ्या आणि वर्गणीदार बारा. भिशीत प्रत्येकीचा नंबर लागलाच पाहिजे, हे आमच्या लक्षात तिसऱ्या बैठकीनंतर आलं. बाकीच्या नऊ जणींच्या ते पहिल्या दिवसापासून लक्षात होतं. उरलेल्या तीन बैठकांत तीन-तीन चिठ्ठ्या काढल्या, प्रत्येकी २०० ची पुस्तकं दिली, आणि पहिल्या तिघींच्या ६०० च्या पुस्तकांना फिरतं ठेवलं. पुन्हा करायचं तर पहिल्यापासून दर वेळी दोन चिठ्ठ्या, ३००-३०० च्या.

आता वाचनाबद्दल. घरून वाचून या, हा प्रकार पहिल्या तीन बैठकांत ठेवूच नये. जिने वाचलेलं नसतं ती येत नाही, आणि आली तर तोंड उघडत नाही. गोष्ट तिथेच, मोठ्याने वाचायची. साधारण आकाराच्या मराठी पुस्तकाच्या पानात अडीचशेच्या आसपास शब्द बसतात आणि सावकाश वाचताना मिनिटाला ११० शब्द होतात. म्हणजे १२ पानांची कथा २७-२८ मिनिटांत होते. १५ पानांच्या पुढे गेलं की उकाड्यात डोळे मिटायला लागतात. रत्नाकर मतकरींच्या बऱ्याच गूढकथा या मापात बसतात, आणि त्यांत भूत दिसेलच असं नसतं. पहिल्या विकत घेतलेल्या मराठी पुस्तकासाठी आम्ही त्यांचंच नाव सुचवत होतो.

वाचणारीने अभिनय करायचा नाही. हे सांगूनही दुसऱ्या बैठकीत आवाज खोल गेला, 'आणि... तेवढ्यात...' असे श्वास सुरू झाले आणि मागच्या रांगेत हसू फुटलं. भयकथेतली वाक्यं किराणा मालाची यादी वाचावी तशी वाचावी लागतात. लेखकाने वाक्य सपाट ठेवलेलं असतं ते मुद्दाम. त्यावर आपण आवाज चढवला की ऐकणारीला भ्यायला जागा राहत नाही. वाचणारी दर बैठकीला बदलावी, पण तिने आदल्या दिवशी एकदा मोठ्याने वाचून पाहिलेलं असावं. अडखळली की धागा तुटतो.

सगळ्यात उपयोगी पडली ती 'थांबा'ची चिठ्ठी. कथेच्या तीन-चतुर्थांशावर, १२ पानी कथेत नवव्या पानाच्या शेवटी, पुस्तकात एक लाल कागद घालून ठेवायचा. तिथे वाचन थांबतं, पुस्तक मिटतं. सात मिनिटांत प्रत्येकीने दोन ओळी लिहायच्या : आता काय होणार, आणि आत्तापर्यंत कशाचा संशय आला. मग शेवटची तीन पानं. हे न करता गोष्ट एकदम संपवली तर 'छान होती' इतकंच निघतं आणि बोलणं लग्नांकडे वळतं. लिहिलेलं असलं की वाद होतो. पण चिठ्ठी लावायची जागा डोळ्यांनी शोधून ठेवावी लागते. एकदा आम्ही पानं मोजूनच लावली, तर नेमका उलगडा आठव्याच पानावर होऊन गेलेला. आणि पुस्तक टेबलावर सोडू नये. सरबत ओतताना एक जण शेवटचं पान बघतेच.

दुसरी चिठ्ठी म्हणजे आधीची सूचना. कथेत मूल दगावणं, बाळंतपणातला मृत्यू, आत्महत्या, बलात्कार असलं काही असेल तर ते आधी कळलं पाहिजे. बारा बायकांत एखादीच्या आयुष्यात ते घडून गेलेलं असू शकतं आणि ती ते कुणाला सांगत नाही. पहिल्यांदा ही सूचना आम्ही सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. अर्धी गोष्ट तिथेच फुटली. मग बंद पाकीट टेबलावर ठेवलं, ज्यांना हवं त्यांनी बघावं. एकीनेही हात लावला नाही, कारण कोण उचलतंय हे बाकीच्या अकरा जणींना दिसणार होतं. जमलं ते असं : पुढच्या कथेचं पाकीट आधीच्या बैठकीतच प्रत्येकीच्या हातात द्यायचं. घरी जाऊन उघडलं की नाही हे तिचं तिला माहीत. न येण्याचं कारण विचारायचं नाही, हा नियम त्याच्याबरोबरच आला.

पहिल्या बैठकीला पुस्तकच नव्हतं. 'तुमच्या गावात कुठली भुतं होती?' एवढंच विचारलं आणि फळ्यावर लिहीत गेलो. पाऊण तासात फळा भरला. मुंजा, समंध, खवीस, वेताळ, झोटिंग, चकवा, गिऱ्हा, देवचार, हडळ, जखीण, लावसट, अळवंतीण, हाकामारी. ज्या बाईने 'मला यातलं काही कळत नाही' म्हणून मागची खुर्ची घेतली होती, तिचं माहेर कोकणातलं निघालं आणि गिऱ्ह्याचा सगळा तपशील तिनेच दिला : पाण्यात बुडून मेलेल्याचं भूत, पाण्याकाठी राहतं. मग फळ्याचे दोन भाग केले, बायांची भुतं आणि बाप्यांची. सवाष्ण गेली तर जखीण, बाळंतपणात गेली तर कुठे अळवंतीण, कुठे हडळ. गावागणिक नाव बदलतं. पण लग्न, बाळंतपण, नवरा आहे की नाही, यावरच बाईच्या भुताची जात ठरते, हे फळ्यावर आपोआप दिसलं. बाप्यांत तसला पटकन सापडला तो म्हणजे, मुंज झाली पण सोडमुंज राहिली तो मुंजा. याच्यावर आम्ही काही बोललो नाही. बोलायची गरज पडली नाही.

या बैठकीचा धोका वेगळा असतो. वीस मिनिटांत 'आमच्याकडे खरंच घडलेलं' सुरू होतं, मग कुणाच्या अंगात येतं, मग कुठला देवऋषी चांगला उतारा देतो. तिथे बैठक हातची जाते. आम्ही फळ्याच्या कोपऱ्यात एक ओळ लिहून ठेवली होती : ऐकलेलं चालेल, गावातल्या जिवंत माणसाचं नाव नाही. गोष्टीतली चेटकीण मजेची असते; गावातली चेटकीण म्हणजे बहुधा एखादी एकटी बाई, जिला मारहाण होते. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात, कुणी करणी करतं असं भासवून त्या व्यक्तीला छळणं हा गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. हे एकदा सांगून टाकलं की गटातल्या सगळ्यात भाविक बाईलाही फरक पटतो, आणि गोष्ट गोष्टीच्या जागी राहते.

दुसऱ्या बैठकीला रवींद्रनाथांची 'जीवित ओ मृत' ही १८९२ ची कथा घेतली. कादंबिनी नावाची विधवा मेली असं समजून तिला मसणात नेतात, ती तिथे जागी होते, आणि आपण भूत झालोय असं तिला स्वतःलाच वाटतं. फळ्यावरच्या यादीवरून छापील कथेत यायला एवढा चांगला पूल नाही. ती घरी परतते तर घरचे तिला भूतच समजतात; जिवंत असल्याचा पुरावा कसा द्यायचा हा पेच. झेरॉक्स काढताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी मूळ लेखन खुलं होतं, पण अनुवादकाचा हक्क वेगळा असतो. जुना मराठी अनुवाद असला तरी अनुवादक कधी गेले ते बघावं. नाहीतर बारा प्रती काढण्यापेक्षा वाचनालयाची एकच प्रत घेऊन वाचून दाखवावी. आम्ही तेच केलं.

तिसरी बैठक मराठी कथेची, ती आपोआप गेली. चौथी मात्र कठीण होती.

अमेरिकन लेखिका शार्लट पर्किन्स गिलमनची 'द यलो वॉलपेपर', तीही १८९२ चीच. बाळंत झालेली एक बाई, डॉक्टर नवरा, उन्हाळ्यापुरतं भाड्याने घेतलेलं मोठं घर, वरच्या मजल्यावरची खोली, खिडक्यांना गज, जमिनीला ठोकलेला पलंग. विश्रांती घ्यायची, लिहायचं नाही, विचार करायचा नाही. भिंतीला पिवळा कागद, आणि त्या नक्षीच्या मागे कुणीतरी हलतंय. इंग्रजीत सहा हजार शब्द आहेत. सरळ मराठीत आणून वाचले तर पन्नास मिनिटं लागतील. आम्ही दिवसाच्या नोंदी तशाच ठेवल्या, मधली वर्णनं तोंडी सांगितली, शेवटचा भाग पुन्हा शब्दशः. पस्तीस मिनिटांत बसली.

अडचण आली रंगाची. मराठी कानाला पिवळा म्हणजे हळद, भंडारा, नवरीची साडी. 'पिवळा' असं नुसतं म्हटलं की खोली चक्क शुभ होऊन बसते. आणि भिंतीला चिकटवलेला नक्षीचा कागद आमच्या घरांत नसतोच. असतात ते ओल आलेले पोपडे. पोपडे घातले असते तर कळलं असतं, पण कागदाच्या मागे बाई राहू शकते, पोपड्याच्या मागे नाही. म्हणून कागद ठेवला आणि रंग बदलत नेला : आधी मळकट पिवळा, मग उशीच्या अभ्र्यावर डोक्याचं तेल मुरून येतो तो, मग त्याला एक वासही आहे. हे वाचलं तेव्हा दोन-तीन नाकं मुरडली गेली. पुढे एक जागा आहे. तिच्या नि नवऱ्याच्या कपड्यांना त्या कागदाचे पिवळे डाग लागलेले नणंदेला सापडतात. इथे कुणीतरी पटकन म्हणालं, 'हळदीचे असतील, साबण लावला की लाल होतात.' सगळ्या हसल्या. मग ते हसणं मधेच थांबलं, कारण ती बाई महिनोन्महिने स्वयंपाकघरात गेलेलीच नव्हती. डाग भिंतीला अंग घासूनच लागलेले असणार. अनुवादात आम्ही काढून टाकायला निघालेली हळदच तिथे कामाला आली.

त्या दिवशीची चर्चा पन्नास मिनिटं चालली आणि तिच्यात भूत जवळजवळ नव्हतंच. सवा महिना, अंधारी खोली, शेक-शेगडी, 'बाळंतिणीने पुस्तक वाचू नये, डोळे जातात'. नवरा वाईट आहे का, यावर गट बरोबर दुभंगला. तो तिच्यावर प्रेम करतो हे कुणीच नाकारलं नाही, आणि तेच सगळ्यात जड गेलं. कथेची पार्श्वभूमी आम्ही मुद्दाम नंतर सांगितली : गिलमनला स्वतःला १८८७ मध्ये बाळंतपणानंतरच्या आजारासाठी अशीच सक्तीची विश्रांती देण्यात आली होती, लेखणीला हात लावू नकोस असं बजावलं होतं, आणि कथा छापल्यावर तिने ती त्या डॉक्टरला पाठवली. हे आधी सांगितलं तर कथा केस-पेपर होते.

पाचव्या बैठकीचं सगळं गणित डब्याभोवती होतं. अमेरिकन लेखिका शर्ली जॅक्सनची 'द लॉटरी' २६ जून १९४८ च्या 'न्यूयॉर्कर'मध्ये छापून आली आणि त्या उन्हाळ्यात साप्ताहिकाकडे संतापलेल्या, गोंधळलेल्या पत्रांचा ढीग लागला. गोष्ट सुचली ती मुलीची बाबागाडी आणि दिवसाचं वाणसामान ढकलत चढ चढताना, असं जॅक्सनने पुढे सांगितलं. ही माहिती आमच्या गटात कथेइतकीच आवडली. कथेतही जूनची स्वच्छ, उन्हाची सकाळ आहे. गावकरी चौकात जमतात, एक जुनाट काळी पेटी, पेटीत चिठ्ठ्या. एक बाई उशिरा धावत येते, कारण भांडी घासायची राहिली होती आणि आजचा दिवस विसरली होती. इथे खोलीत ओळखीचं हसू पसरतं, कारण आमच्याकडेही अडीचची बैठक पावणेतीनला सुरू होते ती याच कारणाने. चिठ्ठी कशाची हे इथे लिहीत नाही.

ही आम्ही वाचली नाही. इंग्रजी वाचणाऱ्या दोघींनी पान समोर ठेवून तोंडी मराठीत सांगितली, अर्धी-अर्धी. तोंडी सांगताना एक चूक हमखास होते : सांगणारीला शेवट माहीत असतो आणि तिचा आवाज आधीपासून गंभीर होतो. या कथेत शेवटच्या पानापर्यंत सगळं जत्रेसारखं हलकं राहिलं पाहिजे. म्हणून पहिला अर्धा भाग सांगणारीला आम्ही शेवट कळूच दिला नाही. तिला फक्त तिचीच पानं दिली. हा प्रयोग कुणी करणार असेल तर जरूर करावा.

आणि भिशीची चिठ्ठी, जी एरवी सुरुवातीला काढायचो, ती त्या दिवशी गोष्टीनंतर ठेवली. स्टीलचा तोच लाडवाचा डबा, दुमडलेले तेच कागद. डबा फिरला तर पहिल्या बाईने तो तसाच पुढे सरकवला. दुसरीनेही. डबा टेबलाला वळसा घालून परत आमच्यापर्यंत आला, बंदच. पंख्याचा आवाज येत होता. शेवटी सगळ्यात थोरल्या आजींनी हात घातला आणि म्हणाल्या, 'दोनशे रुपयांसाठी दगड खायचे का गं?' शेवट असा नकळत फुटला, पण तोवर सगळ्यांना तो कळलेला होता.

दरम्यान घरी वाचायचं चालू झालं होतं. तिसऱ्या बैठकीनंतर धारपांच्या कादंबऱ्या वाचनालयातून जायला लागल्या. कादंबरीला बैठकीत जागा देऊ नये. आठवड्याला चाळीस पानांच्या पुढे कुणी जात नाही आणि प्रत्येकीचं पान वेगळं असतं. जोड्या लावून दिल्या तर चालतं. दोघींनी एकच प्रत घ्यायची, एकीने सोमवार ते गुरुवार, दुसरीने पुढे, आणि सूर्य मावळला की पुस्तक मिटायचं. हा शेवटचा नियम भीतीचा कमी आणि सोयीचा जास्त : दिवसा वाचायचं ठरलं की दिवसातला अर्धा तास स्वतःचा काढावा लागतो. प्रती जुन्या, डिंकाच्या बांधणीच्या. उन्हाळ्यात डिंक सुकतो आणि मधलीच आठ-दहा पानं हातात येतात. भयकथेत नेमकी तीच पानं हरवली तर वाचणारी लेखकाला शिव्या घालते. देताना पानं मोजून द्यावीत, सुटी निघालेली पानं दोऱ्याने शिवून घ्यावीत. टेप लावू नये, वर्षभरात पिवळी पडून अक्षरं उचलते. घरून येणाऱ्या हरकती ठरलेल्या होत्या : गर्भारशीने वाचू नये, पुस्तक देवघराशेजारी ठेवू नये. पहिलीवर वाद घातला नाही, सूचनेच्या पाकिटाचं कामच ते होतं. दुसरीवर पुस्तक फ्रिजवर ठेवायचं ठरलं.

सहाव्या बैठकीला लिहायचं होतं. या कल्पनेचं मूळही एका उन्हाळ्यातच आहे, म्हणजे उन्हाळा म्हणायचा तर. १८१५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याच्या धुळीने १८१६ चा युरोपातला उन्हाळा थंड आणि पावसाळी गेला. जिनिव्हा सरोवराकाठी घरात अडकून पडलेल्या मंडळींनी जर्मन भुताच्या गोष्टींचा फ्रेंच अनुवाद वाचून काढला, आणि त्यांच्यातल्या बायरन या इंग्रज कवीने, प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहावी असं सुचवलं. पुरुषांत बायरन आणि शेली असे दोन कवी होते. 'फ्रँकेन्स्टाइन' लिहायला घेतली ती अठरा वर्षांच्या मेरीने, पुढच्या मेरी शेलीने. पुस्तक १ जानेवारी १८१८ ला आलं, पण त्यावर तिचं नाव नव्हतं.

आम्ही मागितल्या दहा ओळी. पहिल्या फेरीत बाराही कागदांवर वाडा, अमावस्या, पिंपळ आणि पांढरी साडी. सगळे कागद बाजूला ठेवले आणि नियम बदलले : जागा तुमचं आत्ताचं घर, वेळ दुपारची, भूत हा शब्द नाही, आणि घरातली एक वस्तू जी रोज हाताळता. पंधरा मिनिटं. या वेळी माळ्यावरचा पाट आला, मिक्सरचं झाकण आलं, नळ बंद असताना ओलं राहणारं बेसिन आलं, कुणी न वापरलेली पण रोज सकाळी पालथी दिसणारी कपबशी आली. मोठ्याने वाचताना कुणी कुणाला थांबवलं नाही.

कोकणातलं माहेर असलेल्या बाईने शेवटी कागद दिला. तिच्या दहा ओळी झाल्या नव्हत्या, दोनच होत्या. 'सकाळी गच्चीवर मोजून चाळीस कुरडया घातल्या. चारला उतरवायला गेले तर एकेचाळीस होत्या आणि एक अजून ओली होती.'

चार वाजलेच होते. तिच्यासकट चौघी जणींचं वाळवण त्या दिवशी गच्चीवरच होतं, आणि कोण आधी वर जाणार यावर जिन्यात बराच वेळ गेला. उरलेल्या आठ ओळी तिने अजून दिलेल्या नाहीत.